साक्षीदाराचे तोंड दाबून ॲव्हरेज वाढत नाही

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, तू जरा चिरंजीवांशी बोलून बघ. माझे काही तो ऐकत नाही." घरात मुलाच्या लग्नाचा विषय चालू असल्यामुळे मला वाटले, गाडी तिथेच अडली असणार. पण अडली होती ती खरोखरीचीच गाडी.

पुतण्या हिंजवडीत संगणक अभियंता आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने 2013 सालची, टर्बो पेट्रोल इंजिनाची एक युरोपीय बनावटीची मोटार जुन्या बाजारातून घेतली. तरुणपणी वेगाची ओढ कोणाला नसते? गेल्या वर्षी त्याने तिच्या इंजिनाची आज्ञावली बदलून घेतली, ज्याला ही मुले 'रीमॅप' म्हणतात. सोबत इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणारी पुढची नळीही बदलली आणि त्या खटाटोपात तिच्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला. मूळचे सुमारे 160 अश्वशक्तीचे इंजिन आता 200 च्या पुढे गेले, असे त्याला सांगण्यात आले. पिकअप वाढला हे खरे. पण शहरात लिटरला 11 किलोमीटर जाणारी मोटार साडेआठवर आली. 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागून राहिला. सकाळी गाडी सुरू केली की इमारतीच्या आवारात कच्च्या पेट्रोलचा वास पसरू लागला. माझ्या भावजयीला दमा आहे आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या आवारावर उघडते.

ज्याने हे काम केले होते, त्याने उपायही सुचवला होता. "ऑक्सिजन सेन्सर उगाच कुरकुर करतोय. त्याचा कोड सॉफ्टवेअरमधूनच बंद करून टाकू, म्हणजे दिवा लागणार नाही." पुतण्याला तो पटला होता, भावाला पटत नव्हता.

प्रांजळपणे सांगायचे तर फोनवर मी पुतण्याचीच बाजू घेतली. मी कला शाखेचा पदवीधर; यंत्रातले मला काय कळणार! वडिलांची प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढे आली. कार्ब्युरेटरचा स्क्रू एका कानाने आवाज ऐकत फिरवला की गाडी मार्गी लागत असे. "आपल्या पद्मिनीला कुठे होता सेन्सर? नसेल लागत तर काढून टाका," असे मी बोलून गेलो. चार दिवसांनी नाना पेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींकडे तासभर बसलो, तेव्हा आपण किती बेजबाबदार बोललो हे कळले. त्या तासाभराने मला वाचायला लावले, विचार करायला लावले. हा लेख त्याचेच फळ आहे.

हा साक्षीदार कोण?

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण किती? एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळायचे तर सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून वाया जाते. गॅरेजच्या भाषेत मिश्रण 'रिच' झाले. हवा अधिक झाली तर मिश्रण 'लीन' झाले. प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले आवश्यक हवा, या गुणोत्तराला 'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर दिले आहे. हिशेब तंतोतंत जुळला की लॅम्डा बरोबर एक.

हा हिशेब जुळला की नाही, हे कळायचे कसे? इंजिनाच्या पोटात डोकावता येत नाही. पण त्याने टाकलेला धूर तपासता येतो. ते काम ऑक्सिजन सेन्सर करतो. धुराच्या नळीत बसवलेला हा बोटाएवढा भाग. त्याच्या आत झिरकोनियम डायऑक्साइड या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते आणि तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो. टोपीच्या एका बाजूला बाहेरची स्वच्छ हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या वर तापली की ही टोपी ऑक्सिजनच्या आयनांना आपल्यातून वाट देते आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर सुमारे 0.9 व्होल्ट, ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर सुमारे 0.1 व्होल्ट. लॅम्डा एकच्या आसपास हा दाब एकदम उडी घेतो. इंजिनाचा संगणक ती उडी पाहतो आणि पेट्रोल किंचित कमी, किंचित जास्त करत राहतो. सेकंदागणिक चालणारी ही फेरी म्हणजेच 'क्लोज्ड लूप'.

या दाबामागचे समीकरण वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे. 1920 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी विजेचा एक दिवा बनवला होता, त्याची कांडीही झिरकोनियाच्याच मिश्रणाची होती. दिव्यासाठी शोधलेले द्रव्य पुढे धुराची साक्ष देऊ लागले.

धुक्यातून आलेला शोध

हा भाग मोटारीत आला तो ॲव्हरेज वाढवण्यासाठी नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर विसाव्या शतकाच्या मध्यात डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याने हैराण झाले होते. मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या संशोधकाने दाखवून दिले. 1970 मध्ये अमेरिकेने शुद्ध हवेचा कडक कायदा केला. धुरातील विषारी घटक कमी करण्यासाठी मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याचे पुढचे रूप कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींना एकाच वेळी निरुपद्रवी करते. पण एका अटीवर. लॅम्डा एकच्या अगदी जवळ राहिला पाहिजे. थोडा इकडेतिकडे झाला की तिघांपैकी कोणी ना कोणी निसटतेच.

कानाने आवाज ऐकून स्क्रू फिरवणाऱ्याच्या हातून इतकी काटेकोर अट पाळली जाणे शक्य नव्हते. म्हणून बॉश या जर्मन कंपनीने लॅम्डा सेन्सर तयार केला आणि 1976 मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मोटारींत तो प्रथम बसवला. आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार झाले. शिसे हे कन्व्हर्टर आणि सेन्सर या दोघांचेही मारेकरी. ते गेल्याशिवाय या दोघांना आपल्या रस्त्यांवर जगणेच शक्य नव्हते. पुढे 2010 पासून मोटारीने आपला दोष आपणच सांगावा, अशी व्यवस्था सक्तीची झाली आणि 2013 मध्ये ती अधिक कडक झाली. तो पिवळा दिवा या व्यवस्थेचाच.

"पद्मिनीला कुठे होता सेन्सर?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. पद्मिनीला सेन्सर नव्हता. कारण तिच्या धुराचा हिशेब कोणी मागतच नव्हते. तो आपल्या छातीत जमा होत होता.

शक्ती वाढवली म्हणजे नेमके काय केले?

आता पुतण्याच्या मोटारीकडे वळू. इंजिनाची शक्ती वाढवणे हे मुळात पाप नाही. टर्बोचा दाब वाढवणे, ठिणगीची वेळ बदलणे, हवेचा मार्ग मोकळा करणे ही जाणकाराने मोजूनमापून करायची कामे आहेत. हौशी मंडळींत एक समज मात्र पक्का आहे की, ट्यून केलेली मोटार पेट्रोल पिणारच. तो अर्धाच खरा आहे.

आपण सरळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने शांतपणे जात असतो, तेव्हा पायाखाली 160 अश्वशक्ती असो की 200, मोटारीला लागते त्याचा लहानसा अंशच. त्या वेळी संगणक क्लोज्ड लूपमध्ये असतो आणि लॅम्डा एकलाच धरून चालतो. काम चोख असेल तर या चालीत ट्यून केलेल्या मोटारीने मूळच्या मोटारीहून लक्षणीय जास्त पेट्रोल पिण्याचे कारण नाही. पायाने पेडल तळाला टेकवले की गोष्ट बदलते. तेव्हा संगणक मुद्दाम मिश्रण रिच करतो. लॅम्डा साधारण 0.85 ते 0.9, म्हणजे एक किलो पेट्रोलला साडेबारा-तेरा किलो हवा. याची कारणे दोन. अधिकात अधिक शक्ती तिथेच मिळते, आणि जादा पेट्रोल आपल्या बाष्पीभवनाने ज्वलनकक्ष थंड ठेवून टर्बो इंजिनाला आघाती ज्वलनापासून, म्हणजेच 'नॉकिंग'पासून वाचवते.

येथे जुन्या धाटणीच्या सेन्सरची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'रिच की लीन' एवढेच तो खात्रीने सांगतो. किती रिच, हे त्याला नेमके सांगता येत नाही. त्यासाठी 'वाइडबँड' जातीचा सेन्सर लागतो. अलीकडच्या अनेक टर्बो मोटारींत पुढचा सेन्सर याच जातीचा असतो. ट्यूनिंग करणारा कसबी कारागीर वाइडबँडचे आकडे डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय पूर्ण पेडलच्या नोंदींना हात लावत नाही. न मोजता पेट्रोल ओतणारा पैसे जाळतो, आणि न मोजता ते कमी करणारा पिस्टन जाळतो.

कन्व्हर्टरच्या मागे आणखी एक सेन्सर असतो. कन्व्हर्टर आपले काम करतो आहे की नाही, यावर तो लक्ष ठेवतो. कन्व्हर्टरच काढला की हा मागचा सेन्सर ओरडणार, हे उघड आहे. मग त्याच्या नोंदीच आज्ञावलीतून पुसून टाकतात. पुतण्याच्या मोटारीत हे आधीच झालेले होते. आता पाळी पुढच्या सेन्सरची होती, आणि पुढचा सेन्सर गप्प बसवणे म्हणजे पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्यालाच घालवणे. मग संगणक पाठ केलेल्या आकड्यांवर गाडी हाकतो. हवामान बदलो, इंधन बदलो, इंजेक्टर कचऱ्याने अर्धा बंद होवो. त्याला काही कळत नाही.

मिस्त्रींचा निवाडा

नाना पेठेतल्या त्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पडद्यावर एक आकडा होता: अधिक 18. संगणक आपल्या मूळच्या हिशेबापेक्षा 18 टक्के पेट्रोल जादा टाकत होता, कारण पुढचा सेन्सर सतत 'लीन, लीन' असे सांगत होता.

"म्हणजे सेन्सर खोटे बोलतोय," पुतण्या म्हणाला.

"थांब रे बाळा," मिस्त्री म्हणाले, "घाई करू नको." त्यांनी इंजिन तीन हजार फेऱ्यांवर नेले. आकडा उतरत उतरत चारवर आला. पेडल सोडले, पुन्हा अठरा. इंजिन गार होऊ दिले, सुरू केले आणि मला म्हणाले, "साहेब, इकडे कान द्या." फुस्स, फुस्स असा बारीक आवाज येत होता. नवी नळी जिथे जोडली होती तिथे पॅकिंग नीट बसलेले नव्हते आणि त्या फटीभोवती काजळीचा काळा ओघळ उतरला होता.

त्यांनी केलेला उलगडा माझ्यासारख्यालाही समजेल इतका सोपा होता. धूर नळीतून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या आधी आहे. सेन्सरला धुरात ऑक्सिजन दिसतो. तो म्हणतो, ऑक्सिजन आहे. संगणक समजतो, पेट्रोल कमी पडले. तो आणखी ओततो. वेग वाढला की धुराचा जोर वाढतो, फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो आणि आकडा खाली येतो. प्लग मिसिंग करू लागला तरी असेच घडते. न जळलेला ऑक्सिजन पुढे येतो, सेन्सर तो मोजतो आणि दोष सेन्सरच्या माथी बसतो.

"सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही, साहेब. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. जे दिसले ते त्याने सांगितले," मिस्त्री म्हणाले, "त्याला काढून टाकले असते तर फट तशीच राहिली असती."

पॅकिंग काही शे रुपयांचे निघाले. ते बदलल्यावर आकडा अधिक तीनवर स्थिरावला आणि पंधरा दिवसांत ॲव्हरेज साडेआठवरून सव्वादहावर आले. उरलेल्या पाऊण किलोमीटरचे काय, असे पुतण्याने विचारले, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या उजव्या पायाकडे बोट दाखवले. ट्यून केलेल्या मोटारीत हाही एक भाग असतो, आणि तो कोणत्याही स्कॅनरवर दिसत नाही.

हिशेब करून पाहा. महिन्याला एक हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला 11 च्या ॲव्हरेजने 91 लिटर पेट्रोल लागते. साडेआठच्या ॲव्हरेजने 118 लिटर. फरक 27 लिटरचा. पुण्यात पेट्रोलचा लिटरचा दर शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे वर्षाकाठी तीस हजारांहून अधिक रुपये एका फटीतून आणि एका पायाखालून निघून जात होते. अमेरिकेच्या सरकारी इंधन बचत मार्गदर्शिकेत तर म्हटले आहे की, निकामी ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर दोष दुरुस्त केल्यास ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंतही सुधारू शकते. ही अगदी टोकाची अवस्था, पण तिच्यावरून या बोटाएवढ्या भागाची किंमत कळते.

सेन्सर कधी चुकतच नाही, असे मात्र समजू नये. तोही म्हातारा होतो. वयोमानाने त्याची प्रतिक्रिया मंदावते. इंजिन ऑइल जळू लागले, कूलंट ज्वलनकक्षात झिरपले, दुरुस्तीत चुकीचे सिलिकॉन वापरले गेले, तर तो अकाली निकामी होतो. आतून तापवण्याची सोय असलेला सेन्सर साधारण एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत साथ देतो, असे मानले जाते. जुन्या, बिनतापकाच्या सेन्सरचे आयुष्य त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. म्हातारा झाला तर बदलावा. पण आधी त्याचे म्हणणे तपासावे, मग त्याच्या वयाकडे बघावे.

दोष इथेनॉलचा किती?

मिस्त्रींकडे जाण्यापूर्वी पुतण्याने ॲव्हरेजचे सगळे खापर इथेनॉलवर फोडले होते. सध्या घरोघरी हीच चर्चा असल्यामुळे दोन शब्द लिहिणे भाग आहे. एका लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच नमूद आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी घटू शकते. घट खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण 11 चे साडेआठ म्हणजे जवळपास 23 टक्के. सात टक्क्यांच्या आड तेवीस टक्के लपवता येत नाहीत.

ट्यून केलेल्या मोटारीच्या बाबतीत इथेनॉलचा मुद्दा पेट्रोलच्या खर्चापुरता राहत नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. एका किलोला सुमारे 9 किलो. म्हणून 20 टक्के मिश्रणाचे गुणोत्तर 14.7 न राहता साडेतेराच्या आसपास येते. सेन्सर जागा असेल तर तो हा बदल धुरातून ओळखतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि अनेक मोटारींत ही शिकलेली दुरुस्ती पूर्ण पेडललाही लागू होते. सेन्सर बंद केलेला असेल आणि आज्ञावली 10 टक्के मिश्रणावर जुळवलेली असेल, तर 20 टक्के मिश्रणावर तीच मोटार पूर्ण जोरात सुमारे चार टक्क्यांनी लीन धावेल. वाढवलेल्या टर्बो दाबाखाली ही तफावत धोक्याची आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढते म्हणून काही प्रमाणात संरक्षण मिळते. पण नशिबावर इंजिन चालवणे याला ट्यूनिंग म्हणत नाहीत. इंधन बदलत असताना सेन्सर बंद करणे म्हणजे घाटात धुके दाटले असताना दिवे मालवण्यासारखे आहे.

प्रश्न एका मोटारीचा नाही

"काका, पॅकिंगने काम झाले ना? मग कन्व्हर्टर नसला तर काय बिघडते?" परतताना पुतण्याने विचारले. ॲव्हरेजच्या अंगाने त्याचे म्हणणे चूक नव्हते. कन्व्हर्टर नसल्याने पेट्रोल जास्त लागत नाही. उलट धुराची वाट मोकळी झाल्याने टर्बोला थोडी शक्तीच मिळते. म्हणूनच हा मोह अवघड आहे. यात नुकसान होते, पण ते गाडीच्या मालकाचे होत नाही.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात आणि वाहन चालवण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतो. पीयूसी तपासणीत त्या काळच्या मोटारींसाठी लॅम्डा एकच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडेच असावा, असाही निकष आहे. पण दंडाच्या भीतीने सुधारणारा माणूस, दंड चुकवता येतो हे कळले की पुन्हा बिघडतो.

सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध कंपनीचे पितळ उघडे पडले. तिच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत होती आणि रस्त्यावर मोकळी सुटत होती. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. तेव्हा आपण सर्वांनी नाके मुरडली. त्या मोटारी डिझेलच्या, त्यांची रचना निराळी. पण मागच्या सेन्सरच्या नोंदी पुसून टाकणारा गल्लीतला कारागीर आणि ती बलाढ्य कंपनी यांच्या वृत्तीत काय फरक आहे? मोजणाऱ्याला फसवायचे आणि मोजमाप ठीक आल्याचे समाधान मानायचे, एवढीच ती वृत्ती. आपण तिचे गिऱ्हाईक झालो की तिला नाव ठेवण्याचा अधिकार आपण गमावतो.

पुतण्याला मी हे व्याख्यान दिले नाही. तरुण मुलाला व्याख्यानाने काही पटत नाही, हा पत्रकारितेतला आणि घरातला दोन्हीकडचा अनुभव आहे. मी एवढेच म्हणालो, "उद्या सकाळी गाडी सुरू करशील तेव्हा खाली थांबू नकोस. वर जा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आईशेजारी उभा राहा. गाडी मी सुरू करतो." त्याने तसे केले. खाली उतरला तेव्हा तो काही बोलला नाही. इंजिन गार असताना मिश्रण रिचच असते, सेन्सर तापेपर्यंत त्याची साक्षही सुरू होत नाही आणि नळीत कन्व्हर्टर नसल्याने पुढेही त्या धुराला अडवणारे कोणी नव्हते. त्या खिडकीत उभे राहिल्यावर हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कन्व्हर्टर त्याने पुन्हा बसवला. नवा घेताना खिसा चांगलाच हलका झाला. पॅकिंगच्या कितीतरी पट खर्च आला. मागच्या सेन्सरच्या नोंदी पुन्हा चालू करून घेतल्या. मूळची आज्ञावली परत घालून घेतली नाही, हेही सांगितले पाहिजे. तेवढी हौस त्याने राखली आहे आणि त्यावर भावाचे आणि त्याचे एकमत अजून झालेले नाही. माझ्या मते तीही एक दिवस जाईल. पण ज्याला आपला धूर दिसू लागला, त्याच्यावर मी विश्वास टाकायला तयार आहे.

ज्यांच्या घरी अशी हौशी मुले आहेत, त्यांना माझे सांगणे इतकेच. मुलाला रागवण्याआधी त्याच्याबरोबर गॅरेजात जाऊन बसा. दिवा लागला तर 'घालवून द्या' असे म्हणू नका, 'काय म्हणतो आहे ते वाचा' असे म्हणा. ॲव्हरेज घसरले तर पेट्रोलपंपाला, सरकारला आणि सेन्सरला दोष देण्याआधी गळती, प्लग, हवेची गाळणी आणि उजवा पाय या क्रमाने तपासा. शक्ती वाढवणारा कारागीर वाइडबँडचे आकडे दाखवत नसेल आणि कन्व्हर्टर काढण्याची भाषा करत असेल, तर तिथून उठून या.

कटू सत्य सांगणारा माणूस घरात असो, कार्यालयात असो की समाजात, त्याला गप्प करण्याचा मोह होतोच. तो गप्प झाला की काही काळ सारे सुरळीत चालल्यासारखे वाटते. दिवा विझलेला असतो आणि पेट्रोल मात्र गळतच असते. भावजयीच्या खिडकीखाली आता सकाळी वास येत नाही. परवा फोनवर ती म्हणाली, "भावजी, गाडी आता खाली सुरू झालेलीसुद्धा कळत नाही." पुतण्याला वाढलेल्या अश्वशक्तीबद्दल आजवर पुष्कळ शाबासक्या मिळाल्या असतील, ही त्या सगळ्यांहून मोठी आहे, असे मी त्याला कळवले आहे.